नगरपित्यांची निवडणूक आणि फिरोजशहा मेहता

आज तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात असलेले भैंसा 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्यात मोडत असे. तेथील नगरपालिकेत प्रत्येक प्रभागातील प्रौढ मतदार आपला नगरसेवक स्वतः निवडतात. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, एके काळी शहराच्या कारभारात शिरण्याचे दरवाजे निरनिराळे होते, हे सहसा ध्यानात येत नाही. ते समजून घेण्यास सर फिरोजशहा मेहता यांची मुंबईतील कारकीर्द उपयोगी पडते.

1871 मध्ये मुंबईच्या पालिकेच्या उधळपट्टीविरुद्ध करदात्यांनी चळवळ केली. तेव्हा अवघ्या सव्वीस वर्षांच्या मेहतांनी, खरा उपाय लोकनियुक्त सभागृह हाच होय, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने 64 सभासदांची पालिका अस्तित्वात आली. त्यांतील निम्मे सभासद करदाते निवडीत. उरलेल्यांपैकी 16 जण ‘जस्टिस’ ही पदवी धारण करणारे, सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक निवडीत आणि 16 सरकार स्वतः नेमी. 1888 च्या कायद्याने ही संख्या 72 झाली. त्या कायद्याच्या घडणीत मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता.

सुमारे चाळीस वर्षे मेहतांनी पालिका गाजविली. 1884, 1885 आणि 1905 या वर्षी ते अध्यक्ष झाले. त्यांचा दरारा वाढला, तसे विरोधकही वाढले. 1907 मध्ये ‘जस्टिस’ मंडळींच्या 16 जागांसाठी मतदान झाले, तेव्हा काही वजनदार युरोपियनांनी संगनमत करून त्यांना पाडण्याचा घाट घातला. मेहतांचा क्रमांक लागला सतरावा! परंतु निवडून आलेल्यांपैकी एक सभासद कायद्याने अपात्र ठरला आणि ती जागा मेहतांना मिळाली.

यात योगायोग होता, पण बोधही होता. ज्या सभागृहाच्या घडणीत आयुष्य वेचले, त्याचेही दार अनुभवी पुढाऱ्यासाठी आपोआप उघडत नाही. आणि मतदार मोजकेच असले, म्हणजे थोड्यांचा कट पुष्कळांच्या इच्छेवर मात करू शकतो. आता तो अधिकार प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या हाती आला आहे. म्हणूनच भैंशासारख्या गावातील एका प्रभागाचे मतदानही क्षुल्लक मानता येत नाही.