गगनबावड्याची हवा आणि खारीचा कुरकुरीतपणा

सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वसलेल्या गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सुमारे ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट इथूनच कोकणात उतरतात आणि खालून चढलेले ढग जून ते सप्टेंबर गावातच मुक्कामाला असतात. अशा हवेत चहाबरोबर खारी खायची तर पुडा फोडल्यावर रेंगाळून चालत नाही. बशीतली खारी बघता बघता सादळते. बेकरीतल्या या सर्वांत साध्या खाऊचं सगळं सुख एका नाजूक भौतिक अवस्थेवर उभं आहे, आणि गगनबावड्याचा पावसाळा त्या अवस्थेची रोज परीक्षा घेतो.

खारीत असतं काय? मैदा, मीठ, पाणी आणि वनस्पती तूप किंवा मार्जरीन. कधी वर जिरं किंवा ओवा. मैद्याचा गोळा लाटायचा, त्यावर तूप पसरायचं, घडी घालायची आणि पुन्हा लाटायचं. तिहेरी घडी सहा वेळा घातली तर ७२९ थर होतात. भट्टीत गेल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते. वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १,७०० पट. थरांमधल्या तुपामुळे पापुद्रे एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाफ त्यांना सुटं सुटं उचलते. यीस्ट लागत नाही, सोडा लागत नाही. एवढा फुगारा निव्वळ पाण्याच्या जोरावर येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मग मंद आचेवर ती वाळवली जाते. पाणी दोन-चार टक्क्यांवर आलं की मैद्यातला स्टार्च आणि ग्लुटेन एका विशिष्ट स्थितीत थिजतात. शास्त्रज्ञ तिला काचरूप अवस्था म्हणतात. रेणू विस्कळीत असतात, पण जागच्या जागी जखडलेले. म्हणून दाब पडला की पापुद्रा वाकत नाही, तडकतो. त्या तडकण्याचा आवाज हादेखील चवीचाच भाग आहे. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ साली लोकांना बटाट्याचे वेफर्स खाताना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. आवाज, विशेषतः त्यातले उंच सूर, वाढवले की तेच वेफर्स अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटत.

या काचेचा शत्रू पाणी. पाण्याचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरले की साखळ्या सुट्या होऊन हलू लागतात आणि काच रबरासारखी होते. अमेरिकेत कॅट्झ आणि लाबुझा यांनी १९८१ साली खाऱ्या बिस्किटांपासून पॉपकॉर्नपर्यंत अनेक खाऊ तपासले. सुमारे ३५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोल साधला की त्यांचा कुरकुरीतपणा संपतो, असं त्यांना आढळलं. गगनबावड्यात जुलैमधली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. खारीला तिथे वावच नाही.

चहात बुडवतो तेव्हा हेच आपण मुद्दाम करतो. फरक वेळेचा. पाणी बारीक पोकळ्यांतून आत चढतं आणि त्याचा नियम वॉशबर्न यांनी १९२१ साली मांडला: दुप्पट अंतर कापायला चौपट वेळ. ब्रिस्टलच्या लेन फिशर यांनी १९९९ साली तो चहात बुडणाऱ्या बिस्किटांना लावून दाखवला. झटकन बुडवून काढलेल्या खारीचं बाहेरचं अंग मऊ होतं, आतले पापुद्रे अजून काचच असतात, आणि गरम चहाने वितळलेलं तूप जिभेवर पसरतं. सादळलेल्या खारीत हा दुहेरी आनंद नसतो.

हा आनंद स्वस्त आहे, कारण माल साधा आहे आणि पाणी कमी असल्याने बुरशी धरत नाही. पावासारखा दोन दिवसांत फेकावा लागत नाही. पण स्वस्ताईची दुसरी बाजू सांगायला हवी. भाजलेलं म्हणजे कमी तेलाचं, ही समजूत खारीला लागू नाही. तिच्यात मैद्याच्या निम्म्यापर्यंत तूप जाऊ शकतं. लाटताना वितळू नये म्हणून ते घट्टच लागतं, आणि स्वस्तात घट्टपणा आणायचा जुना मार्ग म्हणजे तेलाचं अर्धवट हायड्रोजनीकरण. त्यातून हृदयाला घातक ट्रान्स फॅट तयार होतं. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. हा फार महत्त्वाचा बदल. तरी संपृक्त स्निग्धांश उरतोच. रोज खायचं तर जिऱ्याचं बटर बरं. त्याला थरांचं तूप लागत नाही.

राहिला प्रश्न साठवणीचा. मिठात टाकतात तसे कच्चे तांदूळ डब्यात टाकून उपयोग नाही. नेहमीच्या तांदळात १२-१३ टक्के पाणी असतं, म्हणजे तेच खारीला ओल देतील. टाकायचेच तर कोरडे भाजून, गार करून, पुरचुंडीत बांधून. झाकण मात्र घट्टच हवं. सादळलेली खारी मंद तव्यावर पाचेक मिनिटं ठेवून गार होऊ दिली की पाणी उडतं आणि काच परत येते. खवटपणाचं तसं नाही. तुपाचं ऑक्सिडीकरण उलट फिरत नाही, तापवल्याने उलट वाढतं. म्हणून घाटमाथ्यावर पावसाळ्यात खारी घ्यावी ती पाव किलोच.