रिकाम्या संगणकाला जाग कशी येते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारी नेहमीची मदत कंपनीने थांबवली. तेव्हापासून अनेक शाळांत एकच प्रश्न उभा आहे : जुना संगणक मोडीत काढायचा, की त्यावर लिनक्ससारखी विनामूल्य कार्यप्रणाली बसवायची? बसवायची तर ती पेनड्राइव्हमधून आणता येते. पण इथे एक कोडे आहे. पेनड्राइव्ह वाचायला प्रोग्राम लागतो, आणि तो प्रोग्राम तर पेनड्राइव्हमध्येच! नट कितीही कसलेला असला तरी स्वतःच्या खांद्यावर कसा चढणार?

याचे उत्तर मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये आहे. वीज मिळताच प्रोसेसर पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावरून घेतो आणि त्या पत्त्यावर ही चिप असते. कारखान्यातच तिच्यात मोजके ज्ञान भरलेले असते. १९८१ च्या आयबीएम पीसीतील अशी चिप सुरू होताना डिस्कचे फक्त पहिले ५१२ बाइट वाचत असे. पुढे त्यांतले शेवटचे दोन ०१०१०१०१ आणि १०१०१०१० असले, तरच ‘ही डिस्क सुरू होण्याजोगी आहे’ असे मानण्याची रीत पडली. आजची चिप अधिक शिकलेली आहे. ती पेनड्राइव्हवरील ठरावीक फोल्डरमधली ठरावीक नावाची फाइल शोधते.

गंमत पाहा, ही चिप आणि पेनड्राइव्ह दोन्ही सहसा फ्लॅश स्मृतीच्याच असतात. विद्युतरोधक थरांच्या आत कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज गेली तरी वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. फ्लॅश स्मृती जपानच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली.

आता तुम्ही विचाराल, उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर? चालणार नाही. ती फाइल म्हणजे एका संपूर्ण डिस्कची प्रतिमा. कॉपी केल्यास ती न फोडलेल्या पार्सलासारखी पडून राहते आणि चिपला हवी ती फाइल सापडत नाही. म्हणून रूफससारख्या प्रोग्रामने ती ‘लिहावी’ लागते. त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे जाते. लिहिण्यापूर्वी फाइलची एसएचए-२५६ खूण, म्हणजे ६४ चिन्हांची ओळ, संकेतस्थळावरील ओळीशी ताडून पाहा. एक बिट जरी बदलला असला तरी ती ओळ पार निराळी येते. हा पडताळा बहुतेक जण टाळतात. तुम्ही टाळू नका.

मग संगणक सुरू होताना एफ१२, एस्केप किंवा त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडा. बऱ्याच लिनक्स प्रणाली आधी नुसत्या वापरून पाहता येतात. त्या वेळी सारे काम रॅममध्ये चालते. आवाज, वाय-फाय, छपाई सगळे तपासा. खरा धोका ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायाशी आहे. तिथे शिक्षकांना बोलवा, डिस्कची क्षमता किती जीबी आहे ते वाचून हीच ती डिस्क ना याची खात्री करा. गुणपत्रकांची प्रत त्याआधीच दुसरीकडे ठेवलेली असली पाहिजे.

काम संपून संगणक पुन्हा सुरू होताना पेनड्राइव्ह काढून घ्या. नाहीतर ती चिप पुन्हा त्याच्याकडेच जाऊ शकते आणि प्रणाली बसवण्याचा पहिला पडदा तुमच्यासमोर येऊ शकतो.