ओल्या कापसाचा हिशेब

कापूस ओला की सुका, हे बाबा मुठीनं सांगायचे. बंडीतला मूठभर कापूस उचलायचा, आवळायचा आणि मूठ उघडायची. सुका असला तर लगेच फुलून वर येतो, ओला असला तर गोळा होऊन तळहातावर बसून राहतो. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथला एका अडतीवर त्यांनी दिवाणजी म्हणून उभं आयुष्य काढलं. पुढं मीटर आला. ढिगात सुया खुपसल्या की आकडा दिसतो. सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, हिशेब सरळ आहे: 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत कट्टी म्हणजे भावात कपात, त्याच्या वर गाडी परत. वजन वाढावं म्हणून आदल्या रात्री कापसावर पाणी मारून आणणारे काही कमी नव्हते. बाबा त्यांच्याशी भांडायचे नाहीत. उघडी मूठ त्यांच्यासमोर धरायची, बस.

ही मूठ मला आठवली ती थायलंडात, हुआ हिनच्या एका हॉटेलात, रात्री साडेअकराला. पलंगावर सोळा जणांची नावं, त्यांचे हँडिकॅप आणि एक कॅल्क्युलेटर असं मांडून बसलो होतो.

आमचा हा गट हैदराबादेतला. नोकरी-धंद्यासाठी आदिलाबाद, नांदेड, निजामाबादकडून येऊन तिथं रुजलेले लोक. चाळिशीनंतर कुणाची पाठ धरली, कुणाची साखर वाढली, तेव्हा गोल्फ सुरू झालं. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात, तटबंदीच्या आत, गोल्फचं मैदान आहे. तिथं आम्ही शिकलो. शिकलो म्हणजे गवत उकरलं. वर्षातून एकदा बाहेर जायचं, आठ-आठच्या दोन टीम करायच्या, लाल टोपी आणि निळी टोपी, आणि तीन दिवस एकमेकांना हरवायचं, असं ठरलं. माझा खेळ बेताचाच, पण हिशेब येतो. त्यामुळे लाल टोपीत खेळणं आणि दोन्ही टोप्यांचं चिटणीसपण अशी दोन्ही कामं माझ्याकडं आली.

बोथला असताना बाहेर खेळायला जाणं म्हणजे किनवट. 1956 पर्यंत किनवट आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यांची फेररचना झाली आणि आत्याचं घर एकदम दुसऱ्या राज्यात गेलं. तिथल्या पोरांशी कबड्डी खेळायला आम्ही टेम्पोत उभं राहून जायचो. वजन, वय कुणी बघत नसे. हरलो की त्यांची पोरं मोठी होती, जिंकलो की आम्ही तयारीनं आलो होतो. परतीच्या वाटेवर हाच वाद.

गोल्फमध्ये हा वाद आधीच मिटवून ठेवलेला असतो, आणि मला वाटतं या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. हँडिकॅप म्हणजे तुमच्या कच्चेपणाचा आकडा. गेल्या वीस फेऱ्यांमधल्या सर्वोत्तम आठ घेऊन त्यांची सरासरी काढतात. मैदान अवघड की सोपं त्याचा एक आकडा असतो, त्याला स्लोप म्हणतात. 113 हा मध्यम. त्यानं गुणायचं, भागायचं, म्हणजे या मैदानावर तुम्हाला किती फटके माफ ते कळतं.

पहिल्या दिवशी फोरबॉल होता. दोघांची जोडी, प्रत्येकाचा चेंडू वेगळा, जोडीतला ज्याचा आकडा चांगला तो धरायचा. त्यात पूर्ण हँडिकॅप देत नाहीत, नव्वद टक्के देतात. कारण कच्च्या खेळाडूचं एखादंच होल अचानक फार छान जातं, आणि तेवढं एक होल जोडीला पुरतं. बाकीच्या होलांवर जोडीदार सांभाळून घेतो. समजा चौघे 8, 14, 19 आणि 26 चे आहेत. नव्वद टक्क्यांनी ते 7, 13, 17, 23 होतात. सगळ्यात पक्क्याला शून्य धरायचं, म्हणजे बाकीच्यांना 6, 10 आणि 16 फटके मिळतात. हे फटके कुठल्या होलवर वापरायचे तेही कार्डावर छापलेलं असतं. सगळ्यात अवघड होलला 1, मग 2, असे 18 पर्यंत. सहा फटकेवाल्याला 1 ते 6 आकड्यांच्या होलवर एकेक फटका. मी लाल पेनानं कार्डावर बारीक ठिपके देत होतो. बाबांच्या वहीत कट्टीची खूण अशीच असायची.

मैदान हुआ हिनच्या जुन्या लाकडी रेल्वे स्थानकाला लागूनच. 1924 मध्ये सुरू झालेलं हे थायलंडमधलं पहिलं मैदान मानतात, आणि ते आखलं रेल्वेच्याच एका स्कॉटिश इंजिनीअरनं. आपल्याकडं ब्रिटिशांनी रेल्वेबरोबर क्लब आणले. थायलंडवर त्यांचं राज्य कधीच नव्हतं, तरी रूळ आणि गोल्फ दोन्ही बरोबरच आले.

तिथं प्रत्येक खेळाडूला एक कॅडी घ्यावी लागते, आणि बहुतेक बायकाच असतात. रुंद काठाची टोपी, डोळे सोडून सगळा चेहरा कापडानं झाकलेला, हातमोजे, पाठीवर नंबर. आमच्याकडं कापूस वेचायला जाणाऱ्या बाया उन्हाला अशाच डोकं-तोंड बांधून निघतात. माझ्या कॅडीला मराठी, तेलुगू, हिंदी काही येत नव्हतं आणि मला थाई. काम अडलं नाही. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, ती माझा चेंडू उचलायची, ओल्या फडक्यानं पुसायची, चेंडूवरची काळी रेघ ज्या दिशेला मारायचं त्या दिशेला धरून ठेवायची, मग मागं बसून एक डोळा मिटून बघायची. रेघ केसभर फिरवायची. मग उठून दोन बोटं दाखवायची: भोकापासून दोन बोटं डावीकडं. भोक 108 मिलीमीटरचं, आपल्या चहाच्या बशीपेक्षाही लहान. मी दोन बोटांच्या जागी चार मारली की ती हसायची नाही, हे विशेष.

आमच्यात एक भाऊ आहेत, निळ्या टोपीचे. कागदावर 24. पहिल्याच दिवशी तिसऱ्या होलवर दीडशे यार्ड उरले होते. 24 वाला माणूस अशा वेळी एखादी लांब काठी मागतो आणि देवाचं नाव घेतो. भाऊंच्या कॅडीनं दोन होलं त्यांचा स्विंग पाहिला होता. तिनं न विचारता सात नंबरची आयर्न काढून त्यांच्या हातात ठेवली. चेंडू ग्रीनवर पडला. ती माझ्या कॅडीकडं बघून थाईत काहीतरी बोलली आणि दोघींचे डोळे आक्रसले. शब्द कळले नाहीत, पण अर्थ बाबांच्या मुठीइतका स्वच्छ होता. माल ओला आहे.

याला इलाज नाही. पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असो, गटाच्या खेळात कार्ड भरणारा माणूस खेळणाराच असतो. चांगल्या फेऱ्यांची कार्डं भरलीच नाहीत, तर सरासरी तरी काय सांगणार? भाऊ तीन दिवसांत तिन्ही सामने जिंकले. कुणी काही बोललं नाही.

आणि बोलायला मला तोंडही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोरसम होतं. यात जोडीला एकच चेंडू, आळीपाळीनं मारायचा. दोन्ही जोड्यांची बेरीज करून फरकाचे निम्मे फटके द्यायचे. एका जोडीची बेरीज 31, दुसरीची 34, फरक 3, निम्मे दीड, वर नेले की दोन. मी झोपेत निम्मे करायचं विसरलो आणि सरळ तीन ठिपके दिले. तो तिसरा ठिपका ज्या होलवर पडला ते होल बरोबरीत सुटायचं, ते आमच्या लाल जोडीनं जिंकलं, आणि सामनाही एका होलनं जिंकला. जेवणाच्या टेबलावर मीच कार्ड तपासताना ते सापडलं. नियम असा की पुढच्या टीवरून मारायच्या आत चूक धरली नाही तर ठरलेला निकाल राहतो. निळ्या टोप्या म्हणाल्या, राहू दे. पण चुकीचा फायदा झाला तो चिटणिसाच्याच टीमला, हे त्यांनी दिवसभरात चारदा आठवण करून दिलं.

ज्या रायडर कपची नक्कल आम्ही करत होतो, तो सुरू करणारा सॅम्युअल रायडर बियाण्यांचा व्यापारी होता. एका पेनीला एक पाकीट विकून त्यानं पैसा केला आणि 1927 मध्ये ब्रिटन-अमेरिका सामन्यांसाठी कप दिला. जूनमध्ये बोथला बियाण्याच्या पाकिटांसाठी लागणाऱ्या रांगा मी बघितल्यात, त्यामुळे हा मनुष्य मला जवळचा वाटतो. याच कपात 1969 मध्ये शेवटच्या होलवर टोनी जॅकलिनचा दोनेक फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा फटका, उरला होता. जॅक निकलसनं तो मारायला न लावता देऊन टाकला आणि सामने 16-16 असे बरोबरीत सुटले. ही गोष्ट गोल्फवाले डोळे पुसत सांगतात. बरोबरीत कप अमेरिकेकडंच राहणार होता, हे मात्र हळू आवाजात सांगतात.

आमच्याकडंही तसंच झालं. शेवटच्या दिवशी आठ एकेरी सामने, एकूण 16 गुणांचा खेळ. शेवटचा सामना उरला तेव्हा लाल 8, निळी 7. अठराव्या होलवर निळ्या टोपीच्या काकांना बरोबरीसाठी हातभर पट उरला. हात थरथरत होते. आमचा गडी म्हणाला, "दिला, काका, उचला." अर्धा-अर्धा गुण, साडेआठ-साडेसात. टाळ्या, फोटो, सगळं झालं. औदार्य फुकटचंच, कारण काकांचा पट पडला काय, चुकला काय, जिंकणार आम्हीच होतो. आणि माझा तो तिसरा ठिपका नसता तर फोरसमचा तो सामना बरोबरीत सुटून आकडा 8-8 झाला असता, हे गणित मी परतीच्या बसमध्ये तीनदा करून पाहिलं.

रात्री बोथला फोन लावला. कोण जिंकलं हे बाबांनी विचारलंच नाही. खेळ कसा मोजतात ते विचारलं. मी हँडिकॅप सांगितला, ठिपके सांगितले, भाऊंचं 24 सांगितलं. त्यावर ते नुसतंच "हं" म्हणाले. मग मी सांगितलं की जोडीच्या खेळात कट्टी लावतात, नव्वदच टक्के देतात.

थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "बरं. आन् वरचे दहा कोण ठेवून घेतो?"