समूहगानातील उच्चार व ताल



शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीत बिघडू लागले की त्याचा दोष आपण प्रथम तबलजीच्या माथी मारतो, आणि तो सुटला तर मुलांच्या. "ही मुले धावतात", "ती मुलगी तालाला कच्ची आहे" असे शेरे ऐकू येतात, आणि मग एक जुना उपाय योजला जातो : कच्च्या ठरलेल्या मुलांना मागच्या रांगेत उभे करून नुसते ओठ हलवावयास सांगावयाचे. हा उपाय मला निर्दय वाटतो. नवव्या-दहाव्या वर्षी 'तुला ताल नाही' असे ऐकलेली आणि पुढे आयुष्यभर चारचौघांत गाण्यासाठी तोंड न उघडणारी माणसे आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असतील. खरे पाहता अशा मुलाचा ताल बहुधा कच्चा नसतोच. त्याला नुसती टाळी वाजवावयास सांगावे. ती ठेक्यात पडते. बिघाड असतो तो उच्चारात.

उदाहरणासाठी एक साधी ओळ घेऊ. ती कोणा कवीची नव्हे. फळ्यावर लिहिण्यापुरती जुळविलेली आहे : 'सर आली माळावर, चिंब झाले गोठाघर.' प्रत्येक चरणात ८ अक्षरे आहेत, आणि केरव्याच्या ८ मात्रांवर ती एकास एक अशी बसतात. परंतु बोलताना आपण 'सर' या शब्दातील 'र' पुरता उच्चारीत नाही. त्याचा पाय मोडून 'सर्' असे म्हणतो. मराठी बोलण्याची ती रीतच आहे, त्यात दोष काही नाही. गाताना मात्र हा मोडका 'र्' पुढल्या 'आ'ला जाऊन चिकटतो आणि मुलांच्या तोंडून 'सराली' असा एक नवाच शब्द बाहेर पडतो. चार अक्षरांची तीन झाली, एक मात्रा गिळली गेली, आणि मूल तबल्याच्या पुढे निघून गेले. आपण म्हणतो, ते धावते. चरणाच्या शेवटी 'माळावर' या शब्दातही तेच घडते. शेवटचा 'र' स्वतःच्या मात्रेवर न उच्चारता 'व'लाच जोडून टाकला की तेथे चरण संपलासा वाटतो, आणि दुसरा चरण एक मात्रा आधीच सुरू होतो. तबलजी बिचारा एकटा मागे राहतो.

ओवी-अभंगांच्या बाबतीत तर ह्या मोकळ्या 'अ'वाचून चालतच नाही. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत ६-६ व चौथ्यात ४ अक्षरे असतात. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब तेथे नसून अक्षरांचा असतो. वारकऱ्यांच्या भजनात शब्दान्तीचा 'अ' स्पष्ट ऐकू येतो तो काही ग्रामीण उच्चार म्हणून नव्हे. तो छंदाचाच भाग आहे. शहरी मुलांना हा उच्चार जुनाट वाटतो व ती तो टाळतात. बेळगावकडे ज्या मुलांच्या कानावर कन्नड रोज पडते, त्यांना हे सोपे जावे. कारण कन्नड शब्द बहुधा स्वरान्तच असतात.

आता दुसरी गोष्ट. तबल्याचा ठोका पडतो त्या क्षणी तोंडात नेमके काय असावे, व्यंजन की स्वर? (येथे स्वर म्हणजे अ, आ, इ हे वर्ण, सा, रे, ग नव्हेत.) पुष्कळांचा समज असा की शब्दाचा आरंभ ठोक्यावर व्हावा. 'सर' मधील 'स' हा घर्षणाचा वर्ण आहे. तो जिभेवरून सरपटत येतो, आणि त्याची लांबी प्रत्येक मुलाची निराळी. चाळीस मुलांनी 'स' ठोक्यावर सुरू केला तर त्यापुढचा 'अ' चाळीस निरनिराळ्या क्षणी उगवतो, आणि ऐकणाऱ्याला तो सारा गलका वाटतो. व्यंजन ठोक्याच्या किंचित आधी उरकून स्वर नेमका ठोक्यावर आणला की तीच चाळीस मुले एका कंठाने गातात. याला शास्त्राचाही आधार आहे. मॉर्टन, मार्कस व फ्रँकिश या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले की, उच्चारलेल्या शब्दाचा आघात कानाला जेथे जाणवतो ते स्थान त्या शब्दाच्या ध्वनीच्या आरंभाशी जुळत नाही. ते त्यानंतर येते. शब्दारंभीचे व्यंजन जितके लांब, तितके ते स्थान आणखी पुढे जाते. 'झाले' मधला दंत्य 'झ', 'स्त', 'प्र' यांसारखी जोडाक्षरे, यांना म्हणून थोडे आधी उठवावे लागते. 'आ'ने सुरू होणाऱ्या शब्दाला ही घाई नको.

सगळ्यांत रंजक प्रकार आहे तो द्वित्ताचा. 'विठ्ठल' हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. 'वि' म्हटल्यावर जीभ वर जाऊन टेकते, श्वास अडतो, आणि क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग 'ठ' फुटतो. ती नीरव फट रिकामी नाही. तिलाही वेळ लागतो, आणि तो वेळ तालातलाच आहे. घाईने 'विठल' म्हणणारा गायक अक्षर चुकवीत नाही, शांतता चुकवितो. आणि मग 'ठ' आपल्या जागेच्या आधी येऊन पडतो. 'चित्त', 'सत्य', 'पुण्य' या शब्दांतही जोडाक्षरामागचे अक्षर असेच भरून घ्यावे लागते. पिंगळात त्याला गुरू म्हणतात ते उगाच नव्हे.

तबला शिकविणारे हे केव्हापासूनच जाणून आहेत. हात चालविण्यापूर्वी ते विद्यार्थ्याकडून बोल तोंडाने म्हणवून घेतात. 'तिरकिट' हे चार आघात जिभेवर स्वच्छ उतरले नाहीत तर बोटांवरही उतरत नाहीत. गाणाऱ्यांनीही हीच वाट धरावी. फळ्यावर ८ घरे आखावीत, प्रत्येक घरात एकेक अक्षर लिहावे, आणि जेथे अक्षर लांबवावयाचे तेथे पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपीत असते तशी अवग्रहाची खूण करावी. मग चाल बाजूला ठेवून ओळ टाळीवर नुसती म्हणावी. नंतर तीच ओळ कुजबुजत म्हणवून घ्यावी. आवाज गेला की व्यंजने उघडी पडतात आणि कोण कोठे घसरतो हे ताबडतोब कळते. त्यानंतर व्यंजने काढून केवळ स्वर गावेत : अ अ आ ई, आ आ अ अ. मुलांना याची गंमत वाटते, हसूही येते, येऊ द्यावे. शेवटी दोन्ही एकत्र करावे, आणि लय हळूहळू वाढवावी. श्वास कोठे घ्यावयाचा हेही आधीच ठरलेले असावे. तो शेवटच्या अक्षराच्या मात्रेतून काढावा, पुढच्या चरणाच्या पहिल्या मात्रेतून नव्हे.

आमच्या चर्चमधील गायकवृंदांत एक निराळीच अडचण येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि लॅटिनच्या जागी मराठी गीते आली. त्यांतील जी पाश्चात्त्य चालींवर बसविलेली आहेत त्यांत कधीकधी 'व' किंवा 'न' असे क्षुल्लक अक्षर जोरकस मात्रेवर येऊन बसते. तेथे गायकाने कितीही प्रयत्न केले तरी उपयोग नाही. शब्दच बदलावयास हवा.

स्पष्ट उच्चार म्हणजे हातोडा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. काही शिक्षक प्रत्येक 'क' आणि 'ट' असा आपटून घेतात की गीताची कवायत होते. व्यंजन चपळ असावे, जड नसावे. ख्यालगायनात शब्द मुद्दाम विरघळविले जातात. तेथला हिशेब वेगळा. परंतु शब्दप्रधान गीतात उच्चारांसाठी घेतलेले कष्ट वाया जात नाहीत. १९२९ साली इंदूर येथे जन्मलेल्या लता मंगेशकर यांनी हिंदी चित्रपटांत गाऊ लागल्यावर उर्दू उच्चारांसाठी मुद्दाम शिक्षक गाठले होते.

तालमीच्या वेळी शिक्षकाने एकदा तरी पेटी सोडून सभागृहाच्या अगदी मागच्या बाकावर जाऊन बसावे, आणि ओठ हलविणाऱ्या त्या मुलांनाही त्या दिवशी मोकळ्या आवाजाने गावयास सांगावे. 'सर आली' ऐकू येते की 'सराली', हे तेथे चटकन कळते.