चाळिशीनंतर उघडलेली वही

बेंगळुरूच्या जुन्या मार्केटकडून चामराजपेटेत शिरलं की एक मोठा रस्ता लागतो. ब्रिटिश अमदानीत त्याला राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टरचं नाव होतं, आज तो आलूर वेंकटराव रस्ता म्हणून ओळखला जातो. आलूर विजापुरात जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा कन्नड अनुवाद करणारे. टिळकांनी तो ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीनं लिहून काढला तेव्हा त्यांचं वय ५४ होतं. ग्रंथ छापून आला १९१५ साली. त्याच वर्षी कन्नड साहित्य परिषदेची स्थापना झाली आणि तिची वास्तू याच पेठेत, पंपा महाकवी रस्त्यावर उभी आहे.

कोणत्याही साहित्य परिषदेच्या परिसरात गेलं की मला तिथल्या लेखकांची वयं मोजायची सवय आहे. चामराजपेटेत तर हा हिशेब थक्कच करतो. शेजारच्या बसवनगुडीत गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावानं संस्था काढणारे डी. व्ही. गुंडप्पा मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. पोट भरलं ते पत्रकारितेवर. आज कन्नड घराघरांत ज्याची कडवी तोंडपाठ आहेत तो ‘मंकुतिम्मन कग्ग’ १९४३ साली आला, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. चामराजपेटेतच ‘मक्कळ कूट’ ही मुलांची संस्था १९३८ साली सुरू करणाऱ्या आर. कल्याणम्मांनीही तेव्हा चाळिशी ओलांडली होती.

पण ज्या बाईंमुळे हा लेख लिहायला घेतला त्या कन्नड कादंबरीकार एम. के. इंदिरा. जन्म १९१७, गाव तीर्थहळ्ळी. शाळा जेमतेम सात वर्षं, लग्न बाराव्या वर्षी. पुढची तीन दशकं संसारात गेली. कादंबरी लिहायला बसल्या त्या वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. १९६३ साली ‘तुंगभद्रा’ प्रसिद्ध झाली आणि तिला राज्य साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर बाई थांबल्याच नाहीत. त्यांच्या ‘गेज्जे पूजे’वर पुट्टण्णा कणगाल यांनी चित्रपट काढला. १९७६ साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी ‘फणियम्मा’ लिहिली.

फणियम्मा ही खरोखरीची बाई. कळत्या वयाआधीच विधवा झालेली, केशवपन केलेली, उभा जन्म इतरांसाठी राबण्यात घालवलेली. तिनं आपली हकीकत इंदिराबाईंच्या आईला सांगितली आणि ती ऐकत एक लहान मुलगी शेजारी बसलेली होती. त्या मुलीच्या कानावर पडलेलं ते बोलणं कागदावर उतरायला काही दशकं लागली. प्रेमा कारंत यांनी त्या कादंबरीवर १९८३ साली चित्रपट केला. दिग्दर्शिका म्हणून तो त्यांचा पहिलाच, आणि वय सेहेचाळिशीचं!

मग प्रश्न पडतो, इतकी वर्षं ती हकीकत होती कुठे? आणि नेमकी पन्नाशीच्या पुढे ती इतकी ठसठशीत कशी झाली?

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७९ साली स्वतःवरच एक प्रयोग केला होता. शब्दांची यादी करायची, एकेक शब्द समोर धरायचा आणि मनात काय उमटतं ते वेळ मोजत टिपून ठेवायचं. गाल्टन तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. उमटलेल्यांपैकी कितीतरी गोष्टी त्यांच्या पोरवयातल्या निघाल्या. शंभरेक वर्षांनी मानसशास्त्रज्ञांनी हाच धागा पुन्हा उचलला. माणसांना साधे शब्द द्यायचे, प्रत्येक शब्दाबरोबर सुचलेली आठवण विचारायची, ती कोणत्या वयातली ते लिहून घ्यायचं. डेव्हिड रूबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अशा नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा एक विलक्षण आकृती समोर आली. ताज्या आठवणी भरपूर असतात, मागे जावं तशा त्या विरळ होत जातात, हे अपेक्षितच होतं. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसांच्या बाबतीत रेघ खाली जाता जाता पुन्हा वर उचलली जाते. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा तिथे मोठा उंचवटा दिसतो. विशीतल्या माणसाच्या आलेखात तो वेगळा दिसणं शक्यच नाही, कारण त्याच्यासाठी ते दिवस अजून कालपरवाचे असतात.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या आलेखाकडे पाहत राहिलो. म्हणजे आपल्या आयुष्यातला सगळ्यात दाट ऐवज दिसू लागायलाच वय व्हावं लागतं! असं का होतं याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. पहिला प्रवास, पहिली नोकरी, पहिलं परकं शहर अशा पहिलेपणाच्या घटना या काळात गर्दी करतात आणि नव्या गोष्टी घट्ट ठसतात, असं एक मत. आपण कोण हे याच वर्षांत ठरतं, म्हणून मन पुढे त्यांचाच आधार घेत राहतं, असं दुसरं. मला दोन्ही पटतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ उघडा आणि हा उंचवटा प्रत्यक्ष पाहा. बाईंचा जन्म १८६८ चा. पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ साली. पासष्टीतली बाई लिहिते आहे आणि समोर उभे राहतात सोवळ्याच्या ध्यासापायी धान्यापासून मिठापर्यंत सगळं धुऊन घ्यायला लावणारे वडील. मीठ धुवायचं म्हणजे काय होणार हे कुठल्याही मुलीला कळतं. पण त्या घरातल्या बायकांची त्यापायी झालेली दमछाक, वडिलांच्या मनात मूळ धरून बसलेली भीती आणि त्यातलं हसू, हे तिन्ही एकाच वेळी दिसायला मध्ये पन्नास वर्षं जावी लागली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतरची. आधी कविता केल्या, १९१९ मध्ये पती रेव्हरंड टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं करायला घेतलं, आणि एवढा हात बसल्यावर गद्याची पाळी आली. वाक्यं बोलल्यासारखी, छोटी, कुठेही अडखळत नाहीत. मराठीत याहून चांगलं आत्मचरित्र झालेलं नाही, हे मी पूर्ण विचारानं म्हणतो.

राहिला प्रश्न शब्दांचा. वयाबरोबर बुद्धी मंदावते असं आपण सरसकट धरून चालतो. के. वॉर्नर शाई यांनी १९५६ साली अमेरिकेत सिॲटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासत नेलं. चटकन ओळखण्याचा, आकडे झरझर जुळवण्याचा वेग लवकर घसरू लागतो, हे खरं. मात्र भाषेची समज मध्यम वयात वाढत राहते, आणि बहुतेकांच्या बाबतीत तिचा कळस तिथेच असतो. २०१५ साली जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन यांनी हजारो लोकांच्या चाचण्या पाहिल्या तेव्हा शब्दसंग्रहाचा माथा तर साठीच्याही पुढे सरकलेला निघाला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. आठवणींचा उंचवटा चाळिशीनंतर नजरेत येतो आणि शब्दांचा साठा त्याच सुमाराला भरात असतो. इंदिराबाई आणि लक्ष्मीबाई यांना अपवाद मानायचं मी त्यामुळे सोडून दिलं आहे. सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ही साठी उलटल्यावरच आलं, १९९० साली. अर्थात उंचवटा असणं आणि लिहिता येणं यांत अंतर आहे, आणि ते लिहूनच कापावं लागतं. इथे आठवणीचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. एक आठवण लिहिली की ती स्वतःच पुढच्या आठवणीची खूण बनते. विहिरीचा रहाट लिहिला की दोराचा वास येतो, वासामागून पाणी शेंदणारी आत्या, आत्यामागून तिचं न सांगितलेलं दुःख. नुसतं बसून आठवू गेलं तर मन दुसऱ्याच पायरीवर भरकटतं. कागदावर पहिली पायरी पक्की झालेली असते, म्हणून तिसरी-चौथी गाठता येते. रोज लिहिणाऱ्याला ‘विषय संपले’ असं सहसा म्हणावं लागत नाही, त्याचं हे एक कारण.

तुमचं वय चाळीसच्या पुढे असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर गाल्टनचा प्रयोग करून पाहा. ओटा, दप्तर, एसटी, पाटा, पाऊस यांतला कुठलाही एक शब्द कागदाच्या डोक्यावर लिहा. पहिलं जे येईल ते, जसं घरात बोलता तशाच मराठीत, दहा ओळी. शुद्धलेखन उद्या बघता येईल. उद्या दुसरा शब्द घ्या. आणि घरात सासू, आई, मामी, कुणी सत्तरीतलं माणूस असेल, तर एक वही त्यांच्याही हातात द्या.