‘झन’ आणि जन्म

फारसीत स्त्रीला ‘झन’ म्हणतात (‘झ’ इंग्रजी झेडसारखा). आपला ‘जनानखाना’ याच घराण्यातला. संस्कृतातही ‘जनि’ म्हणजे स्त्री. मग जन्म देते ती जनि, असेच ना? थांबा! फारसीत जन्म देणे म्हणजे ‘झादन’. तेथेही दोन्ही शब्दांना आरंभी ‘झ’च. साक्ष काढू कुर्दी या दुसऱ्या इराणी भाषेची. तिच्यात जन्मणे ‘झायीन’, पण स्त्रीवाचक शब्दाचा पहिला ध्वनी निराळा: ‘श’ म्हणताना गळा गुंजवा, तसा. प्राचीन अवेस्तातही स्त्री ‘जइनि’, जन्माचा धातू मात्र ‘झन्’. म्हणजे मुळे दोन. संस्कृतात आणि फारसीत त्यांचे आरंभध्वनी एक झाले. स्त्रीवाचक शब्दाच्या आरंभी फार पूर्वी ‘ग्व’सारखा ध्वनी होता. म्हणून वेदांतली ‘ग्ना’, ग्रीक ‘गुने’ आणि चक्क इंग्रजी ‘क्वीन’ ही त्याची भावंडे!