रांगेची जागा, ओळीचं व्याकरण

लेखमाला : ओळखीचे इंग्रजी शब्द
या आठवड्याचा शब्द : लाइन

गणपतीच्या दिवसांत लालबागच्या नाक्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतो. ‘नवसाची लाइन कुठून सुरू होते?’ ‘मुखदर्शनाची लाइन हलतेय का?’ ‘ओ काका, लाइनीत या!’ मंडळाच्या फलकावर मात्र ‘रांग’ असते: नवसाची रांग, मुखदर्शनाची रांग. लालबागच्या राजाचा उत्सव १९३४ सालचा. फलक आपली भाषा बोलतो, माणसं आपली बोलतात, आणि कुणाचंच काही अडत नाही.

रेल्वेतही तेच. उद्घोषणेतली बाई ‘डाउन धीम्या मार्गावरील’ म्हणते आणि ती ऐकणारा ‘स्लो लाइनीला काहीतरी लोचा झालाय’ असा तिचा अनुवाद करून शेजारच्याला सांगतो. गिरगावच्या पोटातून जाणारी भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. कागदोपत्री ती ‘मार्गिका ३’. ‘मार्गिका’ हा शब्द चांगला घडवलेला आहे, पण प्रवाशाच्या तोंडी तो कधी ऐकू येईल असं मला वाटत नाही. ‘लाइन’ने ती जागा आधीच घेऊन ठेवली आहे.

आता व्याकरण. इंग्रजीत ‘लाइन’ला लिंग नाही, मराठीत लिंगावाचून नामाला राहता येत नाही. रांग, ओळ, रेघ, रेषा या सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून लाइनही ‘ती’ झाली. इथवर सरळ आहे. गंमत पुढे आहे, सामान्यरूपात. रांगेचं अनेकवचन ‘रांगा’, आणि आपण ‘रांगेत’ उभे राहतो. रेघेचंही तसंच: रेघा, रेघेवर. ओळ मात्र वेगळ्या वळणाची: ओळी, ओळीत. लाइन यांतल्या कोणत्या वळणाने गेली? ‘लाइनी’, ‘लाइनीत’. ‘लाइना’ आणि ‘लाइनेत’ कुणी म्हणत नाही. म्हणजे लाइनीने जागा घेतली रांगेची आणि व्याकरण उचललं ओळीचं. हे कोणत्याही शाळेत शिकवलेलं नाही. बॅगेच्या ‘बॅगा’ झाल्या आणि फायलीच्या ‘फायली’, तेही असंच न शिकवता.

अलीकडे ‘लाइनमध्ये उभा आहे’ असं जास्त ऐकू येतं. चूक म्हणता येणार नाही, पण मला ते जरा परकं वाटतं. शब्दाला सामान्यरूप दिलं की तो घरात चपला काढून बसतो. ‘मध्ये’ लावून बोललो की दारातच उभा राहतो. परळ-लालबागच्या जुन्या माणसांनी लाइनीला केव्हाच आत घेतलं होतं.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना हा शब्द छळतो त्याचं कारण निराळं आहे. इंग्रजीत ‘लाइन’चा अर्थ बहुतेक वेळा तिच्याआधी येणारं चिमुकलं शब्दयोगी अव्यय ठरवतं. ‘इन लाइन’ म्हणजे रांगेत, ‘आउट ऑफ लाइन’ म्हणजे मर्यादा सोडून, ‘डाउन द लाइन’ म्हणजे पुढे केव्हातरी, ‘अलाँग द लाइन्स ऑफ’ म्हणजे साधारण त्या धर्तीवर. त्यातही एकवाक्यता नाही. अमेरिकेत बहुतेक लोक ‘इन लाइन’ उभे राहतात, न्यूयॉर्कचे ‘ऑन लाइन’ उभे राहतात, म्हणजे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून ते ऑनलाइन आहेत. इंग्लंडचा माणूस ही भानगडच ठेवत नाही, तो सरळ ‘क्यू’ म्हणतो.

मराठीने हे काम दोघांत वाटून दिलं, विभक्तीत आणि क्रियापदात. आधी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं पाहा. ‘लाइनीत’ म्हटलं की रांग किंवा धंदा: ‘तो फिल्म लाइनीत आहे’. ‘लाइनीवर’ म्हटलं की वळण: ‘मामाकडे पाठवला तेव्हा लाइनीवर आला’. इथे वठणीवर आणि ताळ्यावर हे दोन जुने शब्द शेजारी बसलेले दिसतात. ‘लाइनीला’ म्हटलं की पोटापाण्याची सोय: ‘दोन्ही मुलं लाइनीला लागली’. आणि ‘लाइनीने’ म्हटलं की क्रियाविशेषण: ‘आज लाइनीने सगळी दुकानं बंद’. एका नामातून चार कामं. इंग्रजीत यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा वाक्प्रचार पाठ करावा लागतो.

क्रियापदांची करामत याहून मोठी. चाळीत ‘पाण्याची लाइन’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात, नळ आणि रांग, आणि दोन्ही भांडणाचे विषय. पण गोंधळ होत नाही. ‘पाण्याची लाइन फुटली’ म्हणजे जमिनीखालचा पाइप गेला, प्लंबर बोलवा. ‘पाण्याची लाइन लागली’ म्हणजे कळशी घेऊन पळा. ‘लाइन लागली’ हेच वाक्य जुन्या काळ्या टेलिफोनवर बोललं तर फोन जोडला गेला असा अर्थ. तिथे लाइन तुटायची, एंगेज असायची, आणि ट्रंक कॉलची वाट पाहताना ‘लाइनवर राहा’ असा हुकूम व्हायचा. ‘लाइन लावली’ आणि ‘लाइन लागली’ यांतला फरक तर अस्सल मराठी. पहिलीत कुणीतरी कर्ता आहे, दुसरीत नाही. रेशनच्या दुकानासमोर लाइन लागते, वर्गशिक्षिका लाइन लावतात. इंग्रजीत ‘लाइन अप’ हे एकच रूप दोन्हीकडे राबतं.

विजेचं पाहा. सांगली-साताऱ्याकडे ‘लाइन गेली’ म्हटलं की अंधार झाला. गिरगावात लाइट जाते. दोन्ही बायका, दोन्ही इंग्रजी.

कॉलेजच्या कट्ट्यावरच्या ‘लाइन मारणे’बद्दल वाचक विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. इंग्रजीत हे शब्दशः नेलं तर कुणाला काही कळणार नाही. तिथे कुणाला भुलवण्यासाठी टाकलेल्या वाक्याला ‘लाइन’ म्हणतात. आपल्याकडे वाक्याची गरजच नसते, नजर पुरते. इथे खरं काम ‘मारणे’ करतं. चक्कर मारणे, शिट्टी मारणे, डोळा मारणे या घराण्यात लाइन जाऊन बसली आणि समोरून प्रतिसाद आला तर ‘लाइन देणे’ हेही ओघाने आलं. ‘लाइन क्लिअर आहे’ मात्र शुद्ध रेल्वेचं. पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय मागच्या स्टेशनने गाडी सोडायची नाही, हा ब्लॉक पद्धतीचा पाया आहे. एका वेळी त्या टप्प्यात एकच गाडी. कट्ट्यावरच्या पोरांनीही नियम तोच ठेवला आहे.

रेल्वेने हा शब्द मुंबईला जितका दिला तितका दुसऱ्या कुणी दिला नसेल. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. नंतर शहर असं वाढलं की पत्त्याआधी लाइन विचारण्याची रीत पडली. ‘कुठल्या लाइनीला राहता?’ या प्रश्नाला वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर ही उत्तरं, आणि लग्न ठरवताना तिसरं उत्तर आलं की थोडी शांतता. दादरकर या प्रश्नाला हसतो, त्याला वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही आहेत. पूर्वी दोन्ही बाजूंना एक नंबरचा प्लॅटफॉर्म असल्याने नवखा माणूस पुलावर हमखास फसायचा. २०२३ च्या डिसेंबरात मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म आठपासून मोजायला लागले तेव्हा तो घोळ मिटला. इथे शब्दाचे दोन थर आहेत हेही बघण्यासारखं. ‘सेंट्रल लाइन’ म्हणजे अख्खा मार्ग, आणि ‘चार लाइनी टाकल्या’ म्हणजे नुसते रूळ. रूळ ओलांडू नका असं फलक सांगतो. आई सांगते, ‘लाइन क्रॉस करू नकोस’.

मरीन लाइन्सला मात्र रुळांशी काही देणंघेणं नाही. मरीन बटालियनच्या छावणीवरून ते नाव आलं. लष्करी इंग्रजीत सैनिकांच्या तंबूंच्या, बराकींच्या ओळींना ‘लाइन्स’ म्हणतात, नेहमी अनेकवचनात. म्हणून तो शेवटचा ‘स’ आपणही इमानाने जपला. ‘मरीन लाइनीला उतरा’ असं चिराबाजारातला माणूस कधी म्हणणार नाही, ‘मरीन लाइन्सला’च म्हणेल. विशेषनाम झालं की व्याकरण हात टेकतं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्थानकांची नावं बदलायला मान्यता दिली, त्यात मरीन लाइन्सला मुंबादेवी, चर्नी रोडला गिरगाव आणि करी रोडला लालबाग अशी नावं सुचवली होती. त्याच लष्करी ‘लाइन्स’चं भावंड म्हणजे पोलीस लाइन. पण तिथे ‘स’ गळाला आणि सामान्यरूप आलं: नायगावला ‘लाइनीतली पोरं’ म्हटलं की पोलिसांच्या क्वार्टर्समधली मुलं, आणि क्रिकेटच्या मॅचला समोर तीच असली तर जरा जपून. एकच शब्द, एकाच शहरात, एकीकडे परका आणि एकीकडे घरचा.

या शब्दाचं मूळ मात्र रुळांत नाही आणि रांगेतही नाही. ते सुतात आहे. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. ज्याची आपण चटणी करतो तोच. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’. ताणलेली दोरी सरळ राहते, म्हणून सरळ रेघेलाही तेच नाव मिळालं, आणि रेघेवरून ओळ, रांग, मार्ग, वंश, धंदा असा पसारा झाला. इंग्रजीत दोरीचा अर्थ अजून जिवंत आहे: कपडे वाळत घालायची दोरी ‘क्लोदलाइन’, गळाची दोरी ‘फिशिंग लाइन’. आपला गवंडी वीट रचताना ताणतो ती ‘लाइनदोरी’. त्यात दोरी दोनदा आली आहे, पण त्याची भिंत ‘सुतात’ येते त्यामुळे तक्रार नाही. मराठीनेही सुतापासून सरळपणा काढला आणि लॅटिननेही, एकमेकांना न विचारता.

सुतापासून निघालेला हा शब्द गिरणगावात पुन्हा सुतापाशी आला. ताडदेवला कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली आणि पुढे परळ-लालबाग धुरांड्यांनी भरून गेलं. वाफेच्या जमान्यात प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नव्हती. एका इंजिनाची ताकद छताजवळून जाणाऱ्या लांबच लांब दांड्यावरून खात्यात फिरायची आणि पट्ट्यांनी एकेका साच्याला, म्हणजे मागाला, मिळायची. तो दांडा म्हणजे लाइन शाफ्ट. खाली हेड जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्या हाताखाली लाइन जॉबर. ‘लाइन जॉबर’मध्ये ‘लाइन’ विशेषणाचं काम करते, एकही प्रत्यय न लागता. इंग्रजीत नामापुढे नाम ठेवलं की पहिलं आपोआप विशेषण होतं. मराठीने ही जोडी जशीच्या तशी उचलली आणि तिला ‘लाइनीचा जॉबर’ केलं नाही, हे मला बरोबरच वाटतं. ते पद होतं, वर्णन नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यानंतर ते पद आणि ती खाती हळूहळू गेली.

लिननचा आणखी एक धागा दादरच्या शिंप्यांपर्यंत येतो. युरोपात कपड्याला आतून लिनन लावत, म्हणून आतून कापड लावण्याच्या क्रियेलाच ‘टु लाइन’ म्हणू लागले आणि त्या अस्तराला ‘लाइनिंग’. ‘ब्लाउजला लाइनिंग लावायचं का?’ या प्रश्नात तो अर्थ जसाच्या तसा आहे. पण त्याच दुकानात ‘लाइनिंगचा शर्ट’ मागा; अस्तराचा शर्ट कुणी दाखवणार नाही, उभ्या पट्ट्यांचा दाखवतील. हा अर्थ इंग्रजीत नाही. तिथे पट्ट्यांना ‘स्ट्राइप्स’ म्हणतात. आपण ‘लाइन’ म्हणजे रेघ हे धरलं, तिला ‘इंग’ जोडलं आणि रेघारेघांचा शर्ट तयार केला. लंडनच्या दुकानात ‘लाइनिंग’ मागून फजिती होईल, पण रानडे रोडवर तो शब्द बिनचूक आहे आणि चूक म्हणून सुधारायला जाऊ नये.

क्रियापद ‘टु लाइन’ मुलांनी नीट समजून घ्यावं, कारण परीक्षेत तेच दगा देतं. ड्रॉवरमध्ये कागद अंथरणं म्हणजे ‘लाइन’ करणं, आणि विसर्जनाच्या दिवशी लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी राहतात तेही ‘लाइन’ करणंच. पहिलं अस्तराच्या घराण्यातलं, दुसरं रांगेच्या. दुसऱ्यात कर्म ‘रस्ता’ असतो आणि कर्ता ‘गर्दी’. ‘द क्राउड लाइन्ड द रोड’. याचं मराठी करताना ‘दुतर्फा’ हा शब्द आठवला नाही तर वाक्य जमत नाही. ‘लाइन’ला कर्म करायची सवय असल्याने मुलं ‘द क्राउड मेड अ लाइन ऑन द रोड’ लिहितात, आणि मग गर्दी रस्त्यावर खडूने रेघ मारत बसते.

क्रिकेटबद्दल दोनच वाक्यं. शिवाजी पार्कवर ‘लाइन अँड लेंग्थ’ ओरडलं जातं तेव्हा लेंग्थ म्हणजे टप्पा किती पुढे-मागे, आणि लाइन म्हणजे चेंडू यष्टींच्या किती आत-बाहेर. मराठी समालोचनातले ‘टप्पा’ आणि ‘दिशा’ हे शब्द तितकेच नेमके आहेत आणि ते वापरात राहायला हवेत.

शेवटी एक स्पेलिंग. शिस्तीत राहण्याला इंग्रजीत ‘टो द लाइन’ म्हणतात. तो ‘टो’ पायाच्या अंगठ्याचा, रेघेला अंगठा टेकवून उभं राहण्याचा. बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा ‘टो’ वेगळा, त्याचं स्पेलिंग वेगळं. तो लिहिला तर गुण जातात.

पुढच्या आठवड्यात ‘पास’: परीक्षेतला, लोकलचा आणि नाटकाचा फुकट मिळणारा.